मुलाखतीच्या खोलीत विद्यार्थी का नको?

हुबळी ते धारवाड अंतर वीसेक किलोमीटर. बेंगळुरू सोडले तर कायद्याचे एवढे शिक्षण आणि एवढा कारभार कर्नाटकात एकाच पट्ट्यात दुसरीकडे क्वचितच सापडेल. हुबळीच्या नवनगरात कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठ आहे. २००९ च्या स्वतंत्र कायद्याने ते स्थापन झाले आणि राज्यभरातली लॉ कॉलेजे त्याला जोडली गेली. हुबळीतच जेएसएस सक्री लॉ कॉलेज आहे, केएलई संस्थेचे जी. के. लॉ कॉलेज आहे. धारवाडला कर्नाटक विद्यापीठाचे सर सिद्धप्पा कंबळी लॉ कॉलेज आहे. हे कंबळी हुबळीचे वकील, पुढे मुंबई इलाख्याचे मंत्री झाले. धारवाड मागे टाकून बेळगावच्या रस्त्याला लागले की बेलूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ लागते. २००८ मध्ये ते फिरते खंडपीठ म्हणून सुरू झाले, २०१३ मध्ये कायम झाले. दोन शहरांमध्ये धावणाऱ्या चिगरी बसमध्ये वकील, पक्षकार आणि लॉ कॉलेजची मुले एकाच दांड्याला धरून उभी असतात.

एवढे सगळे असूनही इथे एक गोष्ट नाही. अमेरिकेतल्या अनेक लॉ स्कूलमध्ये प्राध्यापक नेमणाऱ्या समितीवर विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असतात. त्या जागेसाठी विद्यार्थी उभे राहतात, वर्गावर्गांत जाऊन मते मागतात, निवडून येतात. समजा, हुबळी-धारवाडच्या एखाद्या लॉ कॉलेजातल्या मुलीने ठरवले की मलाही अशा जागेसाठी उभे राहायचे आहे. ती कुठे अर्ज भरेल? तिला अर्ज भरायला जागा नाही. निवड समितीवर विद्यार्थ्याची खुर्ची नाही आणि कर्नाटकात कॉलेजच्या निवडणुकाही १९८९ च्या सुमारास बंद झाल्या, त्या आजतागायत सुरू झालेल्या नाहीत. कायद्याची पदवी घेणाऱ्या मुलाला मतदानाचा हक्क, प्रतिनिधित्व, नैसर्गिक न्याय हे सगळे पुस्तकातून शिकवले जाते. त्याला शिकवणार कोण, हे ठरवताना मात्र त्याला कोणी विचारत नाही.

माझ्या मते त्याला विचारायला हवे, आणि ते विचारण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. पण त्याआधी आज शिक्षकाची निवड कशी होते ते नीट पाहिले पाहिजे.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे १८ जुलै २०१८ चे विनियम आज देशभर लागू आहेत. त्यांनुसार विद्यापीठात सहायक प्राध्यापक नेमायचा तर निवड समितीत कुलगुरू किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती अध्यक्ष, कुलपतींनी नेमलेला एक ज्येष्ठ प्राध्यापक, बाहेरचे तीन विषयतज्ज्ञ, अधिष्ठाता, विभागप्रमुख आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग यांच्यापैकी उमेदवार असेल तर त्या गटातला एक प्राध्यापक एवढे लोक बसतात. चार जण हजर असले, त्यांत बाहेरचे दोन तज्ज्ञ असले, की गणपूर्ती होते. कॉलेजसाठीची रचना थोडी वेगळी आहे. तिथे नियामक मंडळाचे अध्यक्ष आणि प्राचार्य असतात. विद्यार्थी दोन्हीकडे नाही.

मुलाखतीला कोणाला बोलवायचे ते गुणांवर ठरते. शंभर गुणांचा तक्ता असतो. पदवीचे गुण, पदव्युत्तर पदवीचे गुण, पीएच.डी., नेट किंवा सेट, प्रसिद्ध झालेले शोधनिबंध, पुरस्कार. अध्यापनाच्या अनुभवाला शंभरातले दहा. आणि हा तक्ता फक्त चाळणीसाठी. पुढची निवड केवळ मुलाखतीतल्या कामगिरीवर, असे विनियमातच लिहिलेले आहे. म्हणजे सगळा भार त्या मुलाखतीवर येऊन पडतो. ज्यांनी अशा मुलाखती दिल्या आहेत त्यांना ते दृश्य सांगायला नको. बाहेर बाकावर फायली मांडीवर घेऊन बसलेले उमेदवार, साक्षांकित प्रतींचे तीन-तीन संच, कोणाचा तरी जातीच्या दाखल्यावरून कारकुनाशी चाललेला वाद. आत गेल्यावर नाव, गाव, पीएच.डी.चा विषय, मूलभूत हक्कांवरचा एखादा निवाडा, आणि ‘यू मे गो’. एवढ्या वेळात माणूस हुशार आहे की नाही याचा अंदाज येतो. साठ मुलांच्या वर्गापुढे जेवणानंतरच्या तासाला तो दिवाणी प्रक्रिया संहिता शिकवू शकेल का, हे त्यातून कळत नाही.

या भागात तर ते कळणे फारच महत्त्वाचे आहे. हावेरी, गदग, बागलकोट, विजयपूर, उत्तर कन्नड या जिल्ह्यांतून मुले येतात. खानापूर, निपाणी, बेळगावकडची मराठी घरांतली मुलेही येतात, जरी त्यांच्यातल्या अनेकांचा ओढा बेळगावच्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजकडे असतो. ते कॉलेज १९३९ चे, माजी सरन्यायाधीश ई. एस. वेंकटरामय्या आणि माजी महान्यायवादी के. के. वेणुगोपाल तिथे शिकले. घरी मराठी, शाळेत कन्नड, पुस्तक इंग्रजी, आणि तालुका न्यायालयात साक्ष पुन्हा कन्नडमध्ये, असा अनेक मुलांचा प्रवास असतो. इंग्रजीतला निवाडा समोर ठेवून तो वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवणारा शिक्षक इथे सोन्याच्या मोलाचा. तो पोहोचतो की नाही, हे शेवटच्या बाकावरचाच सांगू शकतो.

दुसरे उदाहरण ताजे आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदाही त्याच दिवशी बदलला. खून म्हणजे कलम ३०२ आणि फसवणूक म्हणजे ४२० हे आपल्या बोलण्यातसुद्धा रुजलेले. आता ते १०३ आणि ३१८ झाले. कोणत्या सरांनी नवा कायदा वाचून तास नव्याने बांधला आणि कोणते सर जुन्याच वहीतले आकडे खोडून नवे लिहून वाचून दाखवतात, हे वर्गातल्या मुलांना पहिल्या आठवड्यातच समजते. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला ते मुलाखतीत समजण्याची शक्यता कमी.

शिक्षकांची संख्या हा आणखी वेगळा विषय. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी प्राचार्य सोडून पहिल्या वर्षी किमान चार, दुसऱ्या वर्षी सहा आणि तिसऱ्या वर्षापर्यंत आठ पूर्णवेळ शिक्षक सांगितले आहेत. तीन आणि पाच वर्षांचे दोन्ही अभ्यासक्रम चालत असतील तर सहा, आठ, दहा. कागदावरचा हा हिशेब आणि वर्गातला हिशेब सगळीकडे जुळतोच असे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये बार कौन्सिलने नव्या लॉ कॉलेजांना तीन वर्षे बंदी घातली, तेव्हा दिलेल्या कारणांत चांगल्या शिक्षकांचा तुटवडा हे एक कारण होते. कर्नाटकातल्या उच्च शिक्षणाचा मोठा भाग अतिथी व्याख्यात्यांच्या खांद्यावर आहे, जसा महाराष्ट्रात तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या. कायम नेमणुकीसाठी त्यांनी कित्येकदा रस्त्यावर उतरून आंदोलने केली आहेत. कायम जागा इतक्या क्वचित निघतात की एकदा चुकीचा माणूस बसला तर पुढची पंचवीस-तीस वर्षे ती चूक वर्गात उभी राहते. म्हणून तर ती एक निवड नीट व्हावी असा आग्रह धरायचा.

आता धारवाडच्या एका विद्यार्थ्याबद्दल सांगतो. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. जन्म साताऱ्याचा, १९०१ चा. पण घराणे मूळचे गजेंद्रगडचे, जे तेव्हा धारवाड जिल्ह्यात होते आणि आता गदग जिल्ह्यात आहे. मॅट्रिक झाल्यावर १९१८ ते १९२० ही दोन वर्षे ते धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकले. कॉलेज तेव्हा अगदी नवे, १९१७ चे. पुढे पुण्याचे डेक्कन कॉलेज, मग तिथलेच लॉ कॉलेज, मुंबईची वकिली, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, आणि १९६४ ते १९६६ भारताचे सरन्यायाधीश. इतपत बऱ्याच जणांना माहीत असते. त्यानंतरचे त्यांचे काम मात्र कमी आठवले जाते. निवृत्तीनंतर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तो काळ जगभर विद्यार्थ्यांच्या असंतोषाचा होता. १९६९ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातल्या अशांततेची चौकशी करणारी समिती त्यांच्याच अध्यक्षतेखाली होती. आणि विद्यापीठे-महाविद्यालयांचा कारभार कसा असावा यासाठी अनुदान आयोगाने नेमलेल्या समितीचे अध्यक्षही तेच. तिचा अहवाल १९७१ चा. कारभारात विद्यार्थ्यांचा सहभाग किती आणि कुठे असावा, हा प्रश्न त्या समितीने गंभीरपणे हाती घेतला. त्याआधी १९६६ मध्ये कोठारी आयोगाने विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या विद्वत्सभेशी आणि अधिसभेशी जोडून घ्यावे असे सुचवलेच होते. म्हणजे विद्यार्थ्याला विचारावे ही कल्पना कोणा चळवळ्या पोराच्या डोक्यातून निघालेली नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसलेल्या, धारवाडला शिकलेल्या एका मराठी माणसाने तिच्यावर विचार केलेला आहे. पन्नास वर्षांत आपण तिथून मागे गेलो.

मागे गेलो याला कारणेही आहेत, आणि ती खोटी नाहीत. कॉलेजच्या निवडणुकांत पैसा शिरला, पक्ष शिरले, मारामाऱ्या झाल्या. मुंबईत १९८९ मध्ये एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. त्यानंतर काही वर्षांत महाराष्ट्रातल्या थेट निवडणुका थांबल्या. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्या पुन्हा आणण्याची तरतूद केली, २०१९ मध्ये घेण्याचे ठरलेही, आणि विधानसभा निवडणुकीचे कारण देऊन पुढे ढकलल्या. कर्नाटकात तर बंदी आधीपासूनच. अलीकडे राज्यातल्या सत्ताधारी पक्षाने कॉलेजच्या निवडणुका पुन्हा सुरू कराव्यात का, यावर उघडपणे चर्चा सुरू केली आहे. त्याचे काय होईल ते होवो. निवडणूक कशी घ्यावी याचा आराखडा मात्र तयारच आहे. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने २००६ मध्ये तो दिला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो लागू केला. उमेदवाराची ७५ टक्के हजेरी हवी, कोणत्याही विषयात राहिलेला नको, खर्च पाच हजारांच्या आत, छापील पोस्टर नको, हाताने लिहिलेले चालेल, अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळे दहा दिवसांत. निवड समितीवरच्या एका जागेसाठी एवढा पसाराही लागणार नाही.

निवडणुका नसल्या म्हणून विद्यार्थी गप्प बसतात असे नाही. कोविडच्या काळात परीक्षा कशा घ्यायच्या यावरून कायदा विद्यापीठाचे विद्यार्थी आंदोलनात उतरले आणि २०२१ मध्ये धारवाड खंडपीठात गेले. कायद्याची मुले शेवटी न्यायालयाचे दार ठोठावणारच. पण विद्यापीठाशी बोलण्यासाठी उच्च न्यायालयाशिवाय दुसरे दार नसणे, हे विद्यापीठाच्याही हिताचे नाही.

विद्यार्थ्यांनीच शिक्षक नेमण्याची पद्धत जगात सर्वात आधी कुठे होती? लॉ स्कूलमध्येच. इटलीतल्या बोलोन्या शहरात बाराव्या-तेराव्या शतकात कायदा शिकायला युरोपभरातून तरुण येत. परक्या शहरात त्यांनी आपले संघ बांधले आणि त्या संघांनी अध्यापकांशी करार केले, त्यांना फी दिली, त्यांच्यावर नियम घातले. तासाला उशिरा आला तर दंड. वेळ संपल्यावर ताणत बसला तरी दंड. अभ्यासक्रमाचा ठरलेला भाग ठरलेल्या मुदतीत पुरा झाला नाही तर दंड, आणि तो आधीच भरून घेतलेल्या अनामत रकमेतून कापला जाई. व्याख्यानाला पाचसुद्धा श्रोते जमले नाहीत तर अध्यापक गैरहजर धरला जाई. संघाचा प्रमुख, म्हणजे रेक्टर, विद्यार्थीच असे. ही व्यवस्था टिकली नाही. नगराने अध्यापकांना पगार द्यायला सुरुवात केली तशी नेमणुकीची सत्ताही नगराकडे गेली. ती परत आणावी असे मी म्हणत नाही. दंडाच्या धाकाखाली कोणी चांगले शिकवत नाही. पण जगातले एक सर्वात जुने विद्यापीठ या पायावर उभे राहिले हे विसरू नये.

गजेंद्रगडकर ज्या वर्षी धारवाडला आले त्याच १९१८ साली अर्जेंटिनातल्या कोर्दोबा विद्यापीठात विद्यार्थ्यांनी बंड केले. तिथे प्राध्यापकपदे वर्षानुवर्षे ठरावीक घराण्यांत फिरत होती. जून महिन्यात निघालेला त्यांचा जाहीरनामा देओदोरो रोका या तरुण कायदेपंडिताने लिहिला होता. मुख्य मागण्या दोन: कारभारात विद्यार्थ्यांचा वाटा आणि प्राध्यापकांच्या नेमणुका खुल्या स्पर्धेने. त्या चळवळीचे पडसाद सबंध दक्षिण अमेरिकेत उमटले. आजही बुएनोस आइरेस विद्यापीठात प्राध्यापकाच्या जागेसाठी उमेदवाराला चिठ्ठी टाकून काढलेल्या विषयावर जाहीर तास घ्यावा लागतो आणि त्या प्रक्रियेवर विद्यार्थ्यांचा निरीक्षक असतो. मला या सगळ्यात तो जाहीर तास सर्वात मोलाचा वाटतो.

अमेरिकेत ही गोष्ट १९६८-६९ च्या आसपास जोरात आली. येल लॉ स्कूलच्या विद्यार्थ्यांनी अध्यापकांच्या बैठकांत जागा मागितली. पुढे अनेक ठिकाणी नेमणूक समितीवर विद्यार्थी बसू लागले. कुठे मतासह, कुठे मताशिवाय. पहिल्या फेरीनंतर निवडक उमेदवारांना कॉलेजात बोलावतात. उमेदवार अध्यापकांपुढे आपल्या संशोधनावर बोलतो, त्याच दिवशी विद्यार्थ्यांबरोबर जेवतो, आणि जेवणाच्या टेबलावर मुले त्याला विचारतात की तू परीक्षेत काय तपासतोस, नापास झालेल्या मुलाला किती वेळ देतोस. विद्यार्थी प्रतिनिधी त्याचा अहवाल समितीपुढे ठेवतात.

हार्वर्ड लॉ स्कूलची कथा यातली सर्वात ठसठशीत. १९७१ मध्ये तिथे कायम झालेले पहिले कृष्णवर्णीय प्राध्यापक डेरिक बेल यांनी १९९० मध्ये जाहीर केले की, जोवर एकाही कृष्णवर्णीय स्त्रीला कायम प्राध्यापक केले जात नाही तोवर मी बिनपगारी रजेवर जातो. विद्यार्थी त्यांच्या बाजूने उभे राहिले. तेव्हा तिथे शिकणारे बराक ओबामाही त्यांच्या समर्थनाच्या सभेत बोलले. त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या संघटनांनी हार्वर्डवरच दावा लावला की नेमणुकांतल्या भेदभावामुळे आमच्या शिक्षणाचे नुकसान होते. वकील लावला नाही. विद्यार्थ्यांनी स्वतः बाजू मांडली. १९९२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. कारण असे, की विद्यार्थी हे ना नोकर ना नोकरीचे उमेदवार. त्यांना हा दावा लावण्याचा अधिकारच नाही. त्याच वर्षी बेल यांची रजेची मुदत संपली आणि त्यांची जागा गेली. १९९८ मध्ये लानी ग्विनियर यांची नेमणूक झाली, आणि बेल यांनी जे मागितले होते ते आठ वर्षांनी घडले. दावा हरलेल्या विद्यार्थ्यांचे म्हणणे काळाने मान्य केले. न्यायालयाने त्यांच्यासाठी दार बंद केले म्हणूनच समितीतल्या खुर्चीला महत्त्व येते.

आपल्याकडे या प्रश्नाच्या दोन बाजू २०१९ या एकाच वर्षात, एकमेकींच्या पाठोपाठ दिसल्या. सप्टेंबरमध्ये बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये विद्यार्थ्यांनी परीक्षेवर बहिष्कार टाकला. जुन्या कुलगुरूंची मुदत जुलैअखेर संपली होती, शोध समितीने सुधीर कृष्णस्वामी यांचे नाव सुचवले होते, आणि नेमणुकीचे पत्र मात्र निघत नव्हते. विद्यार्थ्यांच्या बार असोसिएशनने अमुकच माणूस हवा असा हट्ट धरला नव्हता. ठरलेली प्रक्रिया पुरी करा एवढीच त्यांची मागणी होती. त्याच महिन्यात नेमणूक झाली. मागणी किती नेमकी असावी याचा हा धडाच आहे.

आणि नोव्हेंबरमध्ये बनारस हिंदू विद्यापीठात, म्हणजे गजेंद्रगडकरांनी पन्नास वर्षांपूर्वी ज्याची चौकशी केली त्याच विद्यापीठात, विद्यार्थी धरणे धरून बसले. कारण संस्कृत विद्या धर्म विज्ञान संकायात फिरोज खान या तरुण प्राध्यापकाची नेमणूक झाली होती. निवड नियमाने झाली होती, त्यांची विद्वत्ता कोणी नाकारली नव्हती. ते मुसलमान होते एवढाच आक्षेप. शेवटी त्यांना ती जागा सोडून कला शाखेच्या संस्कृत विभागात जावे लागले. विद्यार्थ्यांना निवडीत घ्या म्हणणाऱ्या माणसाने या प्रसंगाकडे डोळेझाक करून चालणार नाही. तरुण आहेत म्हणून विद्यार्थी न्यायीच असतील असे नाही. आणि हुबळी-धारवाड काही जगावेगळे नाही. जात, पोटजात, भाषा, मठ, पक्ष यांचे हिशेब इथेही चालतात. डॉ. आंबेडकर मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक होते, १९३५ मध्ये प्राचार्य झाले. धारवाडला त्यांनी दलित विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले होते. त्या काळच्या विद्यार्थ्यांच्या मतावर नेमणुका सोपवल्या असत्या तर काय झाले असते, याची कल्पना करता येते.

म्हणूनच विद्यार्थी प्रतिनिधीला काय विचारायचे, हे आधी घट्ट बांधून घेतले पाहिजे. उमेदवार कोण आहे हे त्याला विचारायचे नाही. त्याने शिकवलेले समजले का, शंका विचारली तर काय केले, तयारी किती होती, एवढेच विचारायचे. विद्वत्ता तपासायला तज्ज्ञ आहेतच. माझ्या मते प्रतिनिधीला सुरुवातीला मतही देऊ नये. त्याचा लेखी अहवाल समितीच्या इतिवृत्ताला जोडावा आणि समितीने तो डावलला तर कारण लिहावे. लेखी कारण द्यावे लागले की माणूस विचार करून डावलतो, हे कायद्याच्या लोकांना वेगळे सांगायला नको.

दोन अडचणी खास आपल्या आहेत आणि अमेरिकेच्या अनुभवातून त्यांची उत्तरे मिळत नाहीत. पहिली म्हणजे कायम जागेसाठी अर्ज करणारे अनेकदा त्याच कॉलेजातले अतिथी व्याख्याते असतात. विद्यार्थ्याचे अंतर्गत गुण त्यांच्या हातात, आणि विद्यार्थ्याचा अहवाल त्यांच्या नोकरीच्या वाटेत. दोघांनाही अवघड. त्यामुळे प्रतिनिधी असा हवा की ज्याला त्या उमेदवारांपैकी कोणी शिकवत नाही. शेवटच्या वर्षाचा किंवा एलएल.एम.चा. दुसरी अडचण गुप्ततेची. अर्ज करणारा बाहेरचा शिक्षक सध्या दुसऱ्या संस्थेत नोकरी करत असतो. त्याचे नाव संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर आले तर सकाळी त्याला तिकडच्या प्राचार्यांपुढे उभे राहावे लागेल. नाव फोडणाऱ्या प्रतिनिधीला तत्काळ काढण्याचा नियम हवा, आणि तो निवडणुकीआधी सगळ्यांना वाचून दाखवायला हवा.

आता त्या मुलीकडे वळू, जिला उभे राहायचे आहे. ती कॉरिडॉरमध्ये हाताने लिहिलेले पोस्टर लावेल. त्यावर काय लिहील? ‘चांगले सर आणून देईन’ असे लिहिले तर ते खोटे असेल, कारण ते तिच्या हातात नाही. ‘सोपे पेपर काढणारे सर आणीन’ असे म्हणून मते मिळवणारा कोणीतरी निघेल, नाही असे नाही. तिने वर्गात जाऊन एवढेच सांगावे: प्रत्येक उमेदवाराच्या तासाला मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बसेन, शेवटच्या बाकावर बसेन, जो विषय शिकवला जाईल तो आदल्या रात्री वाचून जाईन, कन्नड माध्यमातून आलेल्याला आणि मराठी घरातून आलेल्याला समजले का ते विचारेन, अहवाल लिहीन, नावे सांगणार नाही. या आश्वासनांवर मते मिळतील का? मिळतील असे मला वाटते. वकिलीची सनद घेऊन पाच वर्षांनी बेलूरला उभे राहायचे आहे हे ज्या वर्गाला माहीत आहे, तो वर्ग आपल्या शिक्षकाबद्दल बेफिकीर असेल हे मला पटत नाही.

विद्यार्थ्यांना समज नसते, ते नोट्स देणाऱ्यालाच चांगला म्हणतात, ही तक्रार स्टाफरूममध्ये नेहमी ऐकू येते. तीत तथ्य नाही असे नाही. पण त्याच विद्यार्थ्यांकडून नॅकच्या भेटीआधी समाधान सर्वेक्षण भरून घेतले जाते, वर्षअखेरीला शिक्षकांचा अभिप्राय घेतला जातो, आणि त्याचे तक्ते मूल्यांकनाच्या अहवालात अभिमानाने लावले जातात. शिक्षक नेमून झाल्यावर मुलांचे मत ग्राह्य आणि नेमण्याआधी अग्राह्य, हे तर्काला धरून नाही. मराठी वाचकाला धारवाड म्हटले की जी. ए. कुलकर्णी आठवतात, कित्येक वर्षे ते तिथल्या जेएसएस कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. असा माणूस शिक्षक म्हणून कसा होता हे सांगण्याचा पहिला अधिकार त्यांच्या वर्गात बसलेल्यांचाच, समीक्षकांचा नंतर.

नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही असे वर म्हटले, त्याचा आधार अनुदान आयोगाच्याच विनियमांत आहे. निवडीच्या वेळी उमेदवाराची शिकवण्याची क्षमता वर्गातल्या व्याख्यानातून किंवा चर्चासत्रातून तपासता येईल, अशी मुभा त्यांत दिलेली आहे. सक्ती नाही, मुभा आहे. काही संस्था ती वापरतात, पुष्कळशा वापरत नाहीत, आणि वापरली तरी तो ‘वर्ग’ बहुतेकदा समितीच्या चार खुर्च्यांचाच असतो. त्या खुर्च्यांच्या मागे विद्यार्थी बसवायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. विधेयक लागत नाही, मंत्रालयाची परवानगी लागत नाही, विद्यार्थी संसदेच्या निवडणुकाही लागत नाहीत. प्राचार्यांची आणि संस्थेची इच्छा लागते. मुलांनी आपल्यातले दोघे निवडून द्यावेत, त्यांनी अहवाल लिहावा, आणि तो समितीच्या टेबलावर ठेवावा. हे एका कॉलेजात एक वर्ष करून पाहता येईल. फसले तर बंद करता येईल.

हुबळी-धारवाडच्या आणि बेळगावच्या लॉ कॉलेजांत शिकणाऱ्या मुला-मुलींना, त्यांच्यात मराठी घरांतलेही आहेत, माझे एकच सांगणे आहे. तुमच्या कॉलेजची सहायक प्राध्यापकाची पुढची जाहिरात निघेल, तेव्हा प्राचार्यांना एक पानी अर्ज द्या. त्यात विनियमाचा दाखला द्या, उमेदवारांचा एक तास आमच्यासमोर व्हावा एवढीच मागणी करा, खाली वर्गाच्या सह्या घ्या आणि पोचपावती घ्यायला विसरू नका.